मालनबाईंचं ऑपरेशन

बी.डी.डी. चाळ, नायगाव, मुंबई
२ फेब्रुवारी १९५७

चि. शैला हिला मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं परीक्षेचं वेळापत्रक पोचलं. तुझ्या आईनं ते खिडकीच्या वर चिकटवलंय. तिला तारखा वाचता येतात, विषय येत नाहीत, म्हणून येणारा-जाणारा धरून ती विषय वाचून घेते. पोस्टमननं परवा ‘स्त्रीरोग’ वाचलं आणि बिचारा पळाला.

इथं निवडणुकीनं डोकं उठवलंय. संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा असो की काँग्रेसची, लाउडस्पीकरचे कर्णे आपल्याच दुकानाचे. लालबागचा एक समितीवाला दुकानात येऊन म्हणाला, “राजारामशेठ, तुम्ही आमचे ना? मग त्यांना कर्णे कशाला देता?” म्हटलं, “त्यांचं भाषण लोकांना नीट ऐकू आलं, की मतं तुम्हालाच पडतील.” हसत गेला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती धरून चालणारा मी. माझ्याकडं आज सभेला दोन्ही बाजूंचे लोक रांग लावतात, याची मला अजून गंमत वाटते.

आता कामाचं. आपल्या चाळीत नवीन राहायला आलेल्या एक मालनबाई आहेत. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्यांच्या डाव्या कानाखाली गाठ आलीय. दुखत नाही, पण वाढतेय. परळच्या इस्पितळात डॉ. तेलंग म्हणून आहेत, ते म्हणतात, लाळेच्या ग्रंथीत आहे, कापून काढू. ठीक. पण नवऱ्यानं, कुशाबानं, विचारलं की पेनिसिलिनची सुई कधीपासून चालू करणार? तर डॉक्टर म्हणतात, देणारच नाही, गरज नाही.

आता चाळीत तुला ठाऊक आहे, सर्दी झाली तरी लोक पेनिसिलिन मागतात. शिवाय त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला जबड्याखालच्या ग्रंथीतला खडा काढायचा होता, तिला सुया चालू. कुशाबा मला म्हणतो, “राजारामभाऊ, तिला आहे आणि आपल्याला नाही. का ते तुम्हाला सांगायला नको.” मी त्याला खोटं म्हणू शकलो नाही. आपल्याला वेगळ्या मडक्यातनं पाणी पाजलेली माणसं अजून जिवंत आहेत. पण खरंही म्हणवेना. तेलंगांचा आवाज मी ऐकलाय. तो हात झटकणाऱ्याचा आवाज नाही.

तुझं पुस्तक काय म्हणतं? लवकर कळव.

तुझा
राजाराममामा

वसतिगृह, नागपूर
७ फेब्रुवारी १९५७

ती. मामांना शैलाचा सादर जयभीम.

तुम्ही प्रश्न विचारलात तो नेमका माझ्या वाचनात चालू होता. त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

मालनबाईंना धीर द्या. डॉ. तेलंग बरोबर सांगताहेत. त्यांची गाठ दुखत नाही, तिच्यात पू नाही, ताप नाही. कापायचं ते बाहेरून, स्वच्छ केलेल्या कातडीतून, उकळलेल्या हत्यारांनी. जिथं जंतू नाहीत तिथं औषध मारणार कुणाला? शेजारच्या खाटेची गोष्ट वेगळी. ग्रंथीत खडा अडकला की लाळ तुंबते, पू होतो, आणि कधीकधी तोंडाच्या आतून कापावं लागतं. तोंड कधीच स्वच्छ नसतं, मामा, अगदी भाषण करणाऱ्यांचंसुद्धा. तिथं सुई हवीच.

‘असू दे आपली एक’ म्हणून सुई देण्यात दोन तोटे आहेत. आमच्याच वॉर्डात आता असे जंतू भेटतात की पेनिसिलिनला दाद देत नाहीत. उठसूट देऊन आम्हीच त्यांना निर्ढावलं. दुसरं म्हणजे काही माणसांना हे औषध बाधतं. क्वचित, पण बाधलं तर काही मिनिटांत जीव जातो. गरज असेल तर तो धोका पत्करायचा. नसेल तर कशाला?

वेगळ्या मडक्याचा संशय मला कळतो. मीही इथं रोज कान टवकारून असते. म्हणूनच सांगते, गेल्या महिन्यात एका बड्या वकिलाच्या बायकोची अशीच गाठ आमच्या सरांनी काढली. वकील पेनिसिलिनसाठी हुज्जत घालत होता. सरांनी नाही दिलं ते नाहीच दिलं. बाई आठवड्यात घरी गेली. कुशाबांना हे जरूर सांगा.

आईचं काय चाललंय? तुमच्या पत्राखाली ती वाकडंतिकडं ‘कमळा’ लिहायची. मागच्या दोन पत्रांत नाही. रागावलीय का?

आपली
शैला

नायगाव
११ फेब्रुवारी १९५७

चि. शैला हिला आशीर्वाद.

तुझं पत्र मालनबाईंना दोनदा वाचून दाखवलं. बड्या वकिलाचं तर तिसऱ्यांदा वाचायला लावलं. कुशाबाचं तोंड बंद झालं. आता म्हणतो, “डॉक्टरीण सांगते तर मी कोण?” तू अजून डॉक्टरीण नाहीस हे मी त्याला सांगितलं नाही.

आई मजेत आहे. मिलच्या वाइंडिंग खात्यात जादा काम निघालंय, दमून येते आणि झोपते. सही करायची राहून जाते. तू अभ्यास कर.

ऑपरेशन सोमवारी, पंचवीस तारखेला. आदल्या दुपारी भरती. तेलंगांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं. चेहऱ्याची शीर त्याच ग्रंथीतून जाते, तिला धक्का लागला तर तोंड थोडं वाकडं होईल, डोळा नीट मिटणार नाही. बाई ऐकत होत्या, नेहमीसारखा डाव्या कानावरून पदर ओढून. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, “वाकडं झालं तर झालं. पोरगी बघून घाबरली नाही म्हणजे मिळवली.” डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

तुझ्या पत्राचा फार आधार झाला. चाळीत कुणाला तरी असं उत्तर देता येतं, ते आपल्या घरचं आहे, याचं मला काय वाटतं ते लिहिता येत नाही.

मामा

नागपूर
१४ फेब्रुवारी १९५७

मामा,

तू माझ्याशी खोटं बोललास.

मालनबाई कोण आहेत? ऑक्टोबरात दीक्षेला तुम्ही सगळे इथं आलात, तेव्हा आई तीन दिवस डाव्या कानावरून पदर ओढून बसली होती. मी म्हटलं, ऊन लागतंय का? तर म्हणाली, हो. आणि मी, डॉक्टर होणारी मुलगी, तिच्या शेजारी बसून जिलबी खात होते! पदर बाजूला करून पाहिलं नाही.

परीक्षेचं निमित्त सांगू नकोस. तिनं शपथ घातली असेल, तेही कळतंय. मी रागावलेय, पण ते नंतर.

आता ऐक. तिला पेनिसिलिन द्यायलाच लाव. मी आधी काय लिहिलं ते विसर. पुस्तक शंभर माणसांबद्दल लिहितं, माझी आई एकच आहे. जखम चिघळली, चेहऱ्याच्या शिरेपर्यंत पू गेला, तर मी त्या पुस्तकाचं काय करू? डॉ. तेलंगांना पुन्हा विचार. नाही म्हणाले तर बाहेरून दे. पण दे. मामा, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही.

मी यायला निघू का? कळव.

शैला

नायगाव
२० फेब्रुवारी १९५७

चि. शैला,

पकडलंस. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बोलण्यातली खरखर ओळखत आलो आणि माझीच खरखर मला ऐकू आली नाही. अक्कानं, तुझ्या आईनं, मला शपथ घातली होती हे खरं. कुशाबा हाही मीच. रागाच्या भरात मला ‘तू’ म्हणालीस, लहानपणी म्हणायचीस तशी, ते बरं वाटलं.

तू निघू नकोस. तू दारात दिसलीस की अक्का समजेल, आपलं काही खरं नाही. ती ऑपरेशनच नाकारेल. आणि पेपर बुडले तर मला घरात घेणार नाही.

तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढं आहेत. मालनबाईला नको म्हणणारी शैला एक, आईला हवीच म्हणणारी शैला दुसरी. मी तेलंगांना पुन्हा विचारलं. म्हणाले, “राजाराम, गरज असती तर तुम्ही मागायच्या आधी दिली असती.” मग मी दोन रात्री विचार केला. शहाणी कोणती, हे मला ठरवता येईना. पण आईच्या बाबतीत मुलीचा शब्द मोडायचा कसा? तेव्हा तुझं ऐकलं. आपला धोंडू कंपाउंडर रविवारी सकाळी घरी येऊन सुई टोचेल, दुपारी आम्ही भरती होऊ. तेलंगांना सांगायचं नाही असं ठरलंय. धोंडू म्हणाला, “अंगात गेलेलं डॉक्टरला दिसतं का?” हा गडी मला कधीच फारसा पटलेला नाही, पण हात हलका आहे.

अक्काची मात्र कुरकूर. सुरीला भीत नाही, सुईला भिते! म्हणते, गेल्या पावसाळ्यात दाढ काढली तेव्हा अशीच सुई घेतली, त्याच संध्याकाळी अंगभर पित्त उठलं. मलाही आठवतंय. ओठ असे सुजले की बोलणं कळेना, घसा आवळला म्हणून उठून बसली होती. शेजारच्या रमाबाईनं आमसुलाचं पाणी पाजलं, अंगाला चोळलं, पहाटेकडं उतरलं. दुपारी सोड्यांचं, सुक्या कोळंबीचं, कालवण खाल्लं होतं, दुसरं काय होणार! तेव्हापासून तिचे सोडे बंद. या खेपेला आधीपासून पथ्य पाळायला सांगितलंय, म्हणजे सुई सुखरूप पार पडेल.

तू आता स्वस्थपणे अभ्यास कर.

मामा

तार
नागपूर, २३ फेब्रुवारी १९५७ (मूळ इंग्रजी)

सुई देऊ नका. दाढ, सुई आणि पित्त सगळं डॉक्टरांना सांगा. शैला.

नायगाव
२६ फेब्रुवारी १९५७

चि. शैला,

अक्का सुखरूप आहे, हे पहिल्या ओळीत लिहितो. ऑपरेशन काल झालं. आता सगळं क्रमानं सांगतो.

रविवारी सकाळी मी शिवाजी पार्कवर होतो. संध्याकाळची सभा होती, कर्णे बांधून ते वाजवून पाहिल्याशिवाय मला हलता येईना. धोंडूला म्हटलं होतं, तू ये, टोच, मी भरतीच्या वेळेला येतो. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, तिघांकडून ऐकलेलं आहे. तिघांचं थोडं थोडं वेगळं आहे. जुळतं तेवढं लिहितो.

धोंडूनं स्टोव्हवर सुई उकळली. औषध भरलं. अक्कानं दंड पुढं केला आणि तोंड फिरवलं. एवढ्यात जिन्यावरून हाक आली, “राजाराम यांची तार! नागपूरहून!”

आपल्या चाळीत तार म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. इथं कुणाचा मुलगा पास झाल्याची तार कधी येत नाही. गावाकडनं कुणीतरी गेल्याचीच येते. रमाबाईनं पोस्टमनच्या हातातला कागद पाहिला, ‘नागपूर’ एवढंच ऐकलं आणि हंबरडाच फोडला, “अगं कमळे, तुझी शैला गं!” माळ्या-माळ्यावरच्या बायका धावल्या. कुणी अक्काला धरलं, कुणी पाणी आणलं. अक्का रडलीसुद्धा नाही म्हणे. दंड तसाच उघडा ठेवून भिंतीला टेकली. धोंडूनं भरलेली सुई ताटलीत ठेवली. अशा घरात सुई कोण टोचणार?

पंधरा-वीस माणसं जमली, पण तार उघडेना कुणी. शेवटी एकानं म्हटलं, “इंग्रजी येतं कुणाला?” येत होतं फक्त धोंडूला. त्यानं उघडली. मोठ्यानं वाचायला लागला, “डू नॉट गिव्ह इंजेक्शन...” आणि थांबला. बायका ओरडल्या, “अरे पुढं वाच की! पोर कशानं गेली?” तो म्हणाला, “पोर जिवंत आहे. मला टोचू नको म्हणते.”

कुणाला आधी कळेचना. मग रमाबाईच रडता रडता हसायला लागली. धोंडूनं दाढेचं, सुईचं, पित्ताचं वाचलं आणि खाली बसला. म्हणाला, “मला हे कुणी सांगितलं का नाही?” अक्का म्हणाली, “तू विचारलंस का?” त्यानं ताटलीतली सुई मोरीत रिकामी केली. मी पोचलो तेव्हा तो दारातच होता. तार माझ्या हातात दिली आणि गेला.

दुपारी तेलंगांना सगळं सांगितलं, धोंडूसकट. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. अक्काला म्हणाले, “बाई, मी तुम्हाला विचारलं होतं, सुई कधी बाधली का?” अक्का म्हणाली, “सुई नाही बाधली, डॉक्टर. सोडे बाधले.” त्यांनी तिच्या कागदावर लाल शाईनं मोठं लिहिलं, ‘पेनिसिलिन देऊ नये’, आणि मला म्हणाले, पुढच्या वेळी बहुधा आमसुलाच्या पाण्याला उतरलं नसतं.

मी धीर करून विचारलं, “डॉक्टर, तुमची आई असती तर तुम्ही सुई दिली असती?” म्हणाले, “माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दाराबाहेर थांबलो होतो. मुद्दाम. आत असतो तर काहीतरी नको ते मागितलं असतं.”

काल चार तास लागले. गाठ अख्खी निघाली, साधीच वाटते म्हणाले, तपासायला पाठवलीय. पेनिसिलिन नाही. तोंडाची डावी बाजू उतरलीय. शीर तुटलेली नाही, सुजलीय, येईल म्हणतात. अक्का शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य अर्ध्या तोंडानं बोलली: “त्या पोरीला लिही, अशी तार पुन्हा पाठवशील तर बघ. सुईनं मेले नसते ती तारेनं मेले असते.”

मामा

नागपूर
२ मार्च १९५७

ती. मामांना सादर जयभीम.

तुमचं पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसून राहिले होते.

तुमचं वीस तारखेचं पत्र मला शनिवारी दुपारी मिळालं. पित्ताच्या ओळी वाचल्या आणि मी तशीच तारघराकडं धावले. काही जणांना हे औषध बाधतं, बाधलं तर काही मिनिटांत जीव जातो, हे तुम्हाला लिहिलं कुणी? मीच. मालनबाईंसाठी लिहिलं. आईचं नाव आलं आणि तेवढंच मी विसरले. मालनबाईंना मी जो विचार दिला तो आईला दिला नाही. आईला मी नुसती भीती दिली, आणि तीही पुस्तकातून काढलेली. तुम्ही माझा शब्द पाळलात, म्हणून तुमच्यावर ओझं ठेवू नका. शब्दच चुकीचा होता.

सारखं वाटतं, तार एक तास उशिरा पोचली असती तर?

टाक्यांच्या खाली सूज आली, लाली आली, ताप आला, तर लगेच डॉ. तेलंगांकडं न्या. धोंडूकडं नाही. चाळीत कुणी काहीही म्हणो.

शैला

नायगाव
१७ मार्च १९५७

चि. शैला,

तू लिहिलंस आणि तसंच झालं. टाके काढून घरी आणलं, चार दिवसांनी कानाखाली लिंबाएवढी सूज. अक्का खायला बसली की वाढायची. चाळ जमली. “बघा, सुई दिली नाही ना! पू झाला.” रमाबाईसुद्धा म्हणाली, “राजारामभाऊ, आता तरी हट्ट सोडा.” माझा नव्हताच तो हट्ट, पण चाळीत एकदा नाव पडलं की पडलं. खरं सांगतो, शैला, त्या वेळी माझाही धीर सुटला. तेलंग, तू, पुस्तक, सगळे चुकलात आणि आता अक्काचा चेहरा गेला, असं वाटलं. टॅक्सी केली.

तेलंगांनी बोटानं दाबून पाहिलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि पोकळ सुई घालून आतलं ओढलं. मी डोळे मिटले होते. म्हणाले, “राजाराम, बघा.” पाण्यासारखं स्वच्छ. “पू नाही. लाळ आहे. कापलेल्या ग्रंथीतून झिरपते, जेवताना जास्त. पट्टी घट्ट बांधू, आंबट बंद, आपोआप आटेल.” दोनदा काढली, आता आटलीय. गाठीचा रिपोर्टही आला, साधीच निघाली.

मतदानाला अक्का पट्टी बांधून गेली. रांगेत एका कार्यकर्त्यानं विचारलं, “बाई, पोलिसांनी मारलं का?” ती हो म्हणाली आणि रांगेत पुढं गेली. तुझ्या आईला शिकवलं असतं तर मंत्री झाली असती.

डोळा आता पूर्ण मिटतो. ओठाचा कोपरा अजून उतरलेला आहे, चहा गळतो. हसली की अर्धीच हसते. तेलंग म्हणतात, पावसाळ्यापर्यंत येईल, कदाचित थोडं राहील.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही, पण एक सांगावंसं वाटतं, ते डॉक्टरकीतलं नाही, म्हणून सांगतो. तू म्हणतेस, मालनबाईला विचार दिला आणि आईला भीती. बरोबर. पण मालनबाईला तू एकही प्रश्न विचारला नाहीस, हेही बघ. या बाईनं आधी कधी सुई घेतली का, घेतली तेव्हा काय झालं, हे तू माझ्याकडनं मागवलं नाहीस. तेलंगांनी विचारलं, पण आपल्या भाषेत नाही; ‘बाधली का’ म्हणाले, ‘पित्त उठलं का’ म्हणाले नाहीत. धोंडूनं विचारलंच नाही. आणि मी तर ते सगळं डोळ्यांनी पाहूनही सोड्यांवर ढकललं. तेव्हा तू पुढं डॉक्टर होशील तेव्हा औषध मालनबाईचं ठरवलंस तसं ठरव. चौकशी मात्र आईची करतेस तशी कर.

एवढं लिहीपर्यंत अक्का शेजारी येऊन बसलीय. काय लिहितोस म्हणून विचारतेय. म्हटलं, तुझा चेहरा कसा आहे ते लिहितोय. तर म्हणते, काही लिहू नकोस. परीक्षा झाली की ये म्हणावं, मी स्टेशनवर येते. आणि पदर घेणार नाही. तिनं स्वतः बघावं.

खाली तिनं तिची सही केली आहे.

मामा

कमळा